लेकराचे ऐका

एकदा शाळेत एक पोरगा रडत काही सांगू लागला. आम्ही म्हटले, "मोठ्यांबद्दल असे बोलू नये." ते आम्हांला अजून सलते.

मुंबईत २०१५ साली एका फादरने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. घरच्यांनी पोलीस गाठले. २०२१ साली न्यायालयाने जन्मठेप दिली.

म्हणून चर्चच्या मंडळींनी काय करावे? आधी लेकराचे ऐकावे. आरोप असलेल्याला मुलांपासून दूर ठेवावे. आपसांत मिटवू नये, पोलिसांना कळवावे. २०१२ चा पोक्सो कायदा हेच सांगतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर त्यालाही वर्षापर्यंत कैद होते. १०९८ वर फोनही करता येतो.

चर्चची अब्रू झाकल्याने राहत नाही. लेकरू सुखरूप, तर चर्चची अब्रू शाबूत.