वाळवंटातली वीज आणि आपले तीन प्रश्न

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते. त्यामुळे ‘स्वच्छ ऊर्जेसाठी जागतिक सहकार्य’ असा भारदस्त विषय मला का दिला, हे आधी मलाच कळेना. मग वाटलं, बरंच झालं. परिषदेत कोणता नेता काय बोलला, हे पेपरात येतंच. पण पैसा कुणाचा, जमीन कुणाची आणि दिवा कुणाच्या घरात लागला, हे कुणीतरी विचारायला हवं.

एकच उदाहरण घेऊ, मोरोक्कोचं. अरब देश म्हटला की आपल्याला तेल आठवतं. मोरोक्कोकडे ते जवळजवळ नाहीच. कोळसा, तेल, बहुतेक सगळं इंधन बाहेरून विकत आणावं लागतं. ऊन मात्र भरपूर. म्हणून सहाराच्या उंबरठ्यावर, वारझाझात शहराजवळ ‘नूर’ हा सौर प्रकल्प उभा राहिला. 160 मेगावॅटचा पहिला टप्पा 2016 मध्ये सुरू झाला. चारही टप्पे मिळून सुमारे 580 मेगावॅट होतात. कर्ज देणाऱ्यांत जर्मनीची केएफडब्ल्यू बँक, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक होत्या. उभारणी सौदी अरेबियाच्या अ‍ॅक्वा पॉवर कंपनीच्या पुढाकाराने झाली. युरोप, आफ्रिका आणि अरबस्तान एका माळरानावर एकत्र आले.

पहिल्या तीन टप्प्यांत आरसे ऊन एकवटतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. थोडी उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवतात, म्हणून सूर्य मावळल्यावरही काही तास वीज मिळते.

आता दुसरी बाजू. पहिला टप्पा थंड ठेवायला पाणी लागतं, आणि तो भाग तर कोरडा. पाणी जवळच्या धरणातून येतं. पुढच्या दोन टप्प्यांत हवेने थंड करण्याची पद्धत घ्यावी लागली. शिवाय ही वीज महाग पडते. ‘मासेन’ ही सरकारी संस्था ती चढ्या दराने घेते, कमी दराने पुढे देते आणि मधला तोटा सोसते. 2009 मध्ये ‘डेझर्टेक’ नावाने सहाराच्या उन्हावर युरोपातले दिवे लावण्याचं स्वप्न रंगवलं गेलं होतं. मोरोक्को आणि स्पेन यांच्यामध्ये समुद्राखालून वीजवाहिन्या आहेतही, पहिली 1997 ची, दुसरी 2006 ची. पण बहुतेक वर्षं त्यांतून वीज स्पेनकडूनच मोरोक्कोकडे आली!

मग हे सहकार्य फुकट गेलं का? नाही. त्याच मोरोक्कोत जर्मनीच्या मदतीने आणखी एक काम सुरू झालं. मशिदींमध्ये एलईडी दिवे, वजूसाठी सौर बंबाचं गरम पाणी, छतावर सौर पॅनल. उद्दिष्ट होतं 600 मशिदींचं. मराकेशच्या बाराव्या शतकातल्या कुतुबिया मशिदीवरही पॅनल बसले. मला यातलं आवडलं ते वेगळंच. स्थानिक इलेक्ट्रिशियनना प्रशिक्षण देणं हा त्या योजनेचाच भाग होता. पाहुणे परत गेले तरी हुन्नर गावात राहतो.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर धुळ्याला या. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, 2013 चा. त्यालाही कर्ज त्याच केएफडब्ल्यू बँकेचं. आणि त्याच धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील तुम्हाला आठवत असतील. साक्रीचा नव्हे, दोंडाईचाजवळच्या दुसऱ्या नियोजित सौर प्रकल्पासाठी त्यांची जमीन गेली होती. योग्य मोबदल्यासाठी हेलपाटे घालून थकलेल्या त्या 84 वर्षांच्या शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि ते गेले. सौर वीज धूर सोडत नाही, हे खरं. पण ज्याची जमीन गेली त्याला न्याय मिळाला नाही, तर तिला स्वच्छ कसं म्हणायचं?

म्हणून असा कुठलाही करार वाचताना तीन प्रश्न विचारा. कर्ज कोण फेडणार? जमीन आणि पाणी कुणाचं गेलं, आणि त्याला काय मिळालं? काम कोण शिकलं? परदेशी मदत नको, असं मी म्हणत नाही. एकट्या देशाला हे पेलणारं नाही, हवा काही सीमा पाहून तापत नाही. पण तीनही उत्तरं नीट मिळाली तरच ते सहकार्य. नाहीतर तो नुसता धंदा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं तुमच्याही हातात आहे. घरी गेलात की आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचं किंवा शाळेचं वर्षभराचं वीजबिल मागून घ्या. दर महिन्याला किती युनिट जळतात, लिहून काढा. छतावर दिवसभर ऊन कुठे पडतं आणि सावली कुठे येते, ते पाहा. मग तो कागद घेऊन विश्वस्तांकडे जा. मुलींनो, तुम्हीसुद्धा. हिशेबात कुठे अडलात तर मला विचारा, आपण मिळून सोडवू.