बातमी आपोआप उगवत नाही

(एकोडी, जि. भंडारा येथील बैठकीत केलेले भाषण)



एकोडी हे धानाचं गाव. आज इथं कापूस-ज्वारीच्या मुलखातले कार्यकर्ते आले आहेत. पीक वेगळं, पण तक्रार एकच : "आमची बातमी पेपरात येत नाही." आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत, आणि थोडा दोष आपल्याही पदरात घालणार आहोत.

बातमी तणासारखी आपोआप उगवत नाही. तालुक्याचा वार्ताहर पोलीस ठाणं, तहसील, पंचायत समिती, दवाखाना असा फेरा मारतो. जिथं रोज काही नोंदलं जातं, तिथं त्याला रोज काही मिळतं. आपल्या वावरात घडतं त्याची नोंदच नसते. शिवाय बऱ्याच वार्ताहरांना मानधन तुटपुंजं, आणि वर जाहिराती आणायचं ओझं. ज्या दुकानाची जाहिरात आणायची, त्याच्याच विरुद्ध लिहायचं कसं? शिव्या देण्याआधी त्याची ही अडचण समजून घ्या.

२००६ साली मुंबईत कपड्यांचा मोठा फॅशन मेळा भरला होता. त्यात सुती कपडेही मिरवले गेले. पी. साईनाथ यांनी हिशेब मांडला : मेळ्याला पाचशेवर पत्रकार, आणि त्याच काळात विदर्भात कापूसवाल्यांच्या आत्महत्यांची बातमी करायला आलेले मोठ्या शहरांतले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. कापूस बातमीत होता. कापूस पिकवणारा नव्हता.

आता २०१७ चं यवतमाळ आठवा. कपाशी डोक्याला लागलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला धड फडकंही नाही. फवारणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेनं पडू लागले. एकेका गावात एखादाच आजारी, म्हणून कुणाला त्यात बातमी दिसली नाही. पण सरकारी रुग्णालयात ही माणसं शेजारी शेजारी खाटांवर आली, कुणीतरी ती मोजली, आणि मग बातमी झाली. तोवर जिल्ह्यात माणसं दगावली होती. पुढं तो आकडा विसाच्या वर गेला. मग विशेष तपास पथक नेमलं गेलं, प्रकरण नागपूर खंडपीठापुढं गेलं. पहिले दोन-चार आजारी पडले तेव्हाच गावोगावच्या नोंदी एकत्र झाल्या असत्या, तर? हा प्रश्न आम्हाला, शेतीशास्त्र शिकलेल्यांना, अजून टोचतो.

आमचीही एक चूक सांगतो. एका वार्ताहराला आम्ही एका फवारणी करणाऱ्या मजुराचं नाव दिलं. त्याला न विचारता दिलं. बातमी खरी होती, छापून आली, आम्ही खूश. पण आठवड्यात त्या मजुराची दुकानातली उधारी बंद झाली आणि कामाला बोलावणं थांबलं. बातमी आमची झाली, किंमत त्यानं मोजली. तेव्हापासून आम्ही नेम केला : ज्याचं दुःख, त्याची परवानगी आधी. नाव छापायचं नसेल तर ते बोलण्याआधीच वार्ताहराकडून कबूल करून घ्यायचं. बोलून झाल्यावर नव्हे.

दुसरा नेम : दहा जणांचे शंभर करायचे नाहीत. एकदा आकडा फुगवला की पुढच्या वेळी खरा आकडाही कुणी घेत नाही. वार्ताहरानं दुकानदाराला, अधिकाऱ्याला विचारलं म्हणून तो फितूर ठरत नाही. दोन्ही बाजू तपासलेली बातमीच टिकते.

तिसरा : कागद जपा. बियाण्याची पिशवी, औषधाचा डबा, पक्कं बिल, काटापट्टी, पंचनाम्याची प्रत. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे; दहा रुपयांच्या अर्जावर कचेरीतला कागद मागता येतो. मोबाईलवर फिरणारा फोटो कधीचा, कुठला, हे सांगता आलं नाही तर तो पुरावा नव्हे, अफवा आहे.

आणि पेपर शहरातच निघतो असं समजू नका. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' हाती घेतला आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो वर्षानुवर्षं चालवला.

तेव्हा इथून जाताना एकच काम घेऊन जा. गावात एक वही ठेवा. तारीख, पीक, काय घडलं, कुणी पाहिलं, कागद कुठं आहे, नाव सांगायचं की नाही. वार्ताहर आला की वही पुढं करा. नाही आला, तर वही घेऊन आपण त्याच्याकडं जाऊ.