गिअर घेण्याआधी: कुठली पट्टी कमी पडतेय?

मागे जो आवाज येतोय तो धुआंधार धबधब्याचा. मी जबलपूरचा, आणि आजचा भाग मुद्दाम भेडाघाटला येऊन करतोय. विषय मात्र गेमचा आहे. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये वस्तू बनवण्याचं आणि कच्चा माल गोळा करण्याचं गिअर कधी आणि कोणत्या क्रमानं सुधारायचं? त्यासाठी नर्मदेवर कशाला आलो, ते पुढे सांगतो.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आजचं त्याचं रूप २०१३ साली आलं. लढाईचे पेशे वेगळे आहेतच, पण सुतार, लोहार, सोनार, शिंपी, आचारी असे ८ कारागिरीचे पेशे आहेत आणि खाणकाम, वनस्पती गोळा करणं, मासेमारी असे ३ गोळा करण्याचे. एकच पात्र हे सगळे ११ पेशे शिकू शकतं. या गेमचा भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे आपल्याकडून लढताना उशीर जाणवतो. कारागिरीत मात्र घड्याळ मागे लागलेलं नसतं, एकेक कृती विचार करून करायची. म्हणून मी तिकडे वळलो.

आता माझी चूक ऐका. दोन महिने माल विकून मी गेममधलं चलन, म्हणजे गिल, साठवलं. बाजारफळ्यावर सगळ्यात नवा सेट दिसला आणि एका रात्रीत अख्खा घेतला. मग त्यात मटेरिया, म्हणजे ताकद वाढवणारे खडे, बसवायला लागलो. प्रत्येक वस्तूत ठरावीक खडे हमखास बसतात. त्याच्या पुढचा खडा बसेलच असं नाही, आणि नाही बसला तर तो खडा गेला. माझे एकामागून एक गेले. सकाळी खिसा रिकामा, आणि ज्या वस्तूसाठी हा खटाटोप केला ती अजूनही उत्तम दर्जाची होईना!

का होईना? वस्तू बनवताना समोर तीन पट्ट्या असतात. पहिली काम किती झालं याची. ती क्राफ्ट्समनशिपवर चालते. दुसरी दर्जाची. ती कंट्रोलवर चालते. तिसरी टिकाऊपणाची. घडवण्याचा साधा घाव घातला की ती साधारण १० नं उतरते, आणि काम पुरं व्हायच्या आत ती शून्यावर आली तर वस्तूही गेली आणि मालही. या सगळ्याच्या मागे असतो सीपी, म्हणजे कारागिराचा दम. 'मास्टर्स मेंड' नावाची एक कृती टिकाऊपणा ३० नं भरून देते, पण ८८ सीपी खाते. म्हणजे ८८ सीपी शिल्लक असतील तर आणखी तीन घाव, नसतील तर हात चोळत बसा.

मी सगळे खडे कंट्रोलचे बसवले होते. त्यातही प्रत्येक वस्तूला एका गुणाची कमाल मर्यादा असते, तिच्या वरचं सगळं वाया जातं. कमी पडत होता तो दम. गळ्यातलं आणि अंगठ्या यांत सीपीचे खडे आणि काम सुरू करण्याआधी योग्य पदार्थ खाणं, एवढ्यानं भागलं असतं. जुन्याच सेटवर!

त्या आठवड्यात मी इथं आलो होतो. धुआंधारकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगडी मूर्तींची दुकानं तुम्ही पाहिली असतील. जबलपूरच्या या दगडकामाला २०२३ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. तिथले एक दादा माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे ग्राइंडर आल्याला काही वर्षं झाली. मी विचारलं, आता पुढचं मशीन कुठलं घेणार? ते जे हिंदीत बोलले ते मराठीत सांगतो. "ग्राइंडरनं मूर्ती लवकर आकाराला येते. नाक-डोळे मी अजून छिन्नीनंच काढतो. या वेळी पंखा घेतलाय, धूळ बाहेर फेकणारा. खोकला बसला तर ग्राइंडर कोण धरणार?"

मला माझा रिकामा खिसा आठवला. दादांचीही पहिली पट्टी नव्या मशीननं वाढली असती, पण त्यांना कमी पडत होती तिसरी. फरक एवढाच की गेममध्ये ती पट्टी समोर दिसते. दादांना ती खोकल्यावरून ओळखावी लागली.

तर मंडळी, त्यानंतर मी चार गोष्टी पाळतो.

एक. घेण्याआधी तपासायचं. 'टीमक्राफ्ट'सारख्या साइटवर आपले आकडे घालून वस्तू आधीच बनवून बघता येते. कुठे अडतंय ते तिथं फुकट कळतं.

दोन. कपडे आधी, अवजारं निवडून. अंगावरचा एकच सेट आठही कारागिरांना चालतो. अवजारं मात्र प्रत्येक पेशाची वेगळी, आणि एकेकाची दोन, म्हणजे १६ झाली. सगळी एकदम घेऊ नका. ज्या पेशाचं काम रोज करता, त्याचीच आधी घ्या.

तीन. गोळा करणाऱ्यांनी पायरी बघायची. खाणीत किंवा झाडापाशी कधी कधी अट लिहिलेली असते, गॅदरिंग इतकं असेल तर जास्तीचा माल मिळेल. त्या आकड्याच्या खाली दोन गुण वाढवले काय आणि वीस वाढवले काय, ती सवलत मिळत नाही. पायरी गाठता येत असेल तरच खर्च करा, नाहीतर तोवर थांबा.

चार. आहे ते नीट ठेवा. गिअर वापरून झिजतं, आणि शून्य टक्क्यांवर आलं की त्याचे गुण मिळतच नाहीत. पुरेशी पातळी असलेला कारागीर डार्क मॅटर वापरून ते स्वतः दुरुस्त करू शकतो. नवं घेण्याच्या नादात जुनं झिजलेलंच घालून फिरणारे मी पाहिलेत. त्यात मीही होतो.

आणि स्क्रिप विसरू नका. ठरावीक वस्तू बनवून किंवा गोळा करून जमा केल्या की स्क्रिप मिळतात आणि त्यांवर चांगलं गिअर येतं. बाजारातल्या सेटपेक्षा थोडं मागे असेल, पण तुमचं गिल शाबूत राहतं आणि ते मिळवता मिळवता हातही बसतो.

नवं गिअर वाईट नाही. मीही घेतो. फक्त घेण्याआधी स्वतःला विचारतो, माझी कुठली पट्टी कमी पडतेय? उत्तर सांगता आलं नाही तर त्या दिवशी खरेदी बंद.

चला, दादांनी चहा मागवलाय. पंखा कसा चाललाय तेही बघून येतो. भेटू पुढच्या भागात. नर्मदे हर!