विमान उतरवायला शिकताना

आज मी विमानाबद्दल बोलणार आहे. हसू नका, रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानाबद्दल. माझी धाकटी नववीत आहे. तिला त्याचं वेड लागलं. करडू विकलेल्या पैशांतले 3800 रुपये काढून आम्ही तालुक्याच्या गावाहून एक विमान आणलं. दिसायला लढाऊ विमानासारखं टोकदार, देखणं. माळावर नेलं, सोडलं आणि मनात दहा मोजेपर्यंत ते नाक खाली करून मातीत घुसलं. तिचे बाबा म्हणाले, "झाली हौस? आता पुन्हा नाव काढायचं नाही." पोर दोन दिवस धड जेवली नाही. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "मला जमतच नाही," असं ती म्हणायला लागली होती.

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या वहिनींचा इंजिनियरिंगला शिकणारा पुतण्या आला. तुकडे बघून म्हणाला, "काकू, चूक तिची नाही. हे शिकणाऱ्याचं विमानच नाही." लहान पंखांचं, जड विमान जोरात पळवलं तरच हवेत राहतं. वेग कमी झाला की पडतं.

मग कसलं घ्यायचं? पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले असावेत. असं विमान कलंडलं तरी सावरायला बघतं. पंखांची टोकं परातीच्या काठासारखी किंचित वर उचललेली असली तर आणखी बरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख मीटर-सव्वा मीटर लांब असावा. अगदी चिमुकलं विमान स्वस्त मिळतं, पण जराशा वाऱ्यानं भरकटतं. अंग फोमचं असावं, म्हणजे मोडलं तरी घरी चिकटवता येतं. आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारायचं, याचा पुढचा पंखा नि सुटे भाग मिळतात का? आम्ही पहिल्या वेळी हे विचारलंच नव्हतं.

दुसरं विमान आणायच्या आधी त्यानं तिला महिनाभर कॉम्प्युटरवर उडवायला लावलं. रिमोट वायरनं जोडायचा आणि पडद्यावरचं विमान उतरवायचं. शंभरदा आपटलं तरी रुपया जात नाही.

आता खरी गोष्ट, उतरवणं. ड्रोन हवेत एका जागी थांबतो, विमान थांबत नाही. थांबलं की पडलं. म्हणून उडवणं सोपं आणि उतरवणं अवघड. पहिलं म्हणजे वाऱ्याच्या समोरून उतरवायचं. काठीला ओढणीची चिंधी बांधा, वारा कुठून येतो ते कळतं. समजा, विमानाचा वेग ताशी 30 किलोमीटर आहे आणि वारा 10चा. समोरून आलं तर जमिनीवर त्याचा वेग 20च उरतो. वारा पाठीवर घेऊन आलं तर तोच 40 होतो. आपटणं दुप्पट वेगानं!

दुसरी चूक सगळेच करतात. विमान अलीकडेच पडेल असं वाटलं की आपण घाबरून नाक वर खेचतो. तिथंच घात होतो. नाक वर गेलं की वेग मरतो, पंखाची हवेवरची पकड सुटते आणि एक बाजू एकदम खाली कोसळते. नाक खेचायचं नाही, मोटरीला थोडा जोर द्यायचा. अगदी गुडघाभर उंचीवर आलं की मोटर बंद करायची आणि मगच नाक हलकंसं उचलायचं.

विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. माझी लेक इथंच गोंधळायची. त्यानं सांगितलं, जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला रिमोटची काडी ढकल, पंखाला टेकू दिल्यासारखी. आणि मन म्हणालं नाही तर उतरवायचं नाही, जोर देऊन पुन्हा फेरी मारायची. मात्र त्यासाठी बॅटरी शिल्लक हवी. बॅटरी आठ मिनिटं पुरत असेल तर पाचव्या मिनिटाला मोबाईलचा गजर लावा.

त्या बॅटरीचंही सांगते, लिथियमची असते. तिच्याच चार्जरवर, डोळ्यांसमोर, फरशीवर चार्ज करायची. गादीवर नाही, रात्रभर तर नाहीच. फुगली तर वापरायची नाही. बॅटरी जोडल्यावर पंख्यासमोर बोट नेऊ नका. विजेच्या तारा, रस्ता, गुरं यांपासून लांब उडवा. केंद्र सरकारचे 2021चे ड्रोन नियम या विमानांनाही लागू आहेत. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, आणि विमानतळाजवळच्या लाल पट्ट्यात परवानगीशिवाय उडवायचं नाही.

दुसऱ्या विमानासाठी तिच्या बाबांना मनवायला मला तीन आठवडे लागले, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. पहिल्या दिवशी तिनं ते सात वेळा उतरवलं. दोनदा उलटं झालं, एकदा बाभळीत अडकलं. आठव्यांदा ते चाकांवर टेकलं, थोडं पळालं आणि उभं राहिलं. बाबा बांधावर उभे होते. बोलले काही नाहीत, विमान उचलून आणायला मात्र तेच गेले.

परवा तिनं रिमोट माझ्या हातात दिला. मी नाक वर खेचलं. एवढं सगळं माहीत असून खेचलं! विमान तुरीत गेलं, पंखा मोडला. नवा 60 रुपयांना आला. ती म्हणाली, "आई, रविवारी सकाळी वारा कमी असतो, तेव्हा परत बघू."

कुणाला यायचं असेल तर या, सातला आम्ही माळावर असतो.