कोरडी गळती

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी माझं नाव घेताना 'उद्योजक' म्हटलं गेलं. तसं काही नाही. दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि तेव्हापासून हायवेच्या कडेला ट्रकांखाली झोपतोय. संयोजक म्हणाले, तुझ्या कामातलं काहीतरी सांग. माझं काम म्हणजे जुना ट्रक सकाळी चालू का होत नाही ते शोधणं. तेच सांगतो. त्यात आपले विज्ञानाचे सर येतात, आणि इथे तिसऱ्या रांगेत बसलेला एक मित्रही येतो. त्याला मी एक गोष्ट इतकी वर्षं सांगितलेली नाही.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबून १७-१८ पट लहान जागेत कोंबली की ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्यात नोझलने डिझेलचा फवारा मारला की पेट घेते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तेच हे. म्हणून जुनी गाडी सुरू होईना तर मी आधी सेल्फचा आवाज ऐकतो. बॅटरी उतरलेली असेल, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली असेल, तर इंजिन रडत फिरतं आणि हवा पुरेशी तापतच नाही. तिथे डिझेलला दोष देण्यात अर्थ नाही.

सेल्फ दणकून फिरतोय आणि तरी गाडी घेत नाही, तर मागे जाऊन सायलेन्सरकडे बघायचं. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल बघा. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. आता हसू नका, पण अशा वेळी पहिल्यांदा बघायची गोष्ट म्हणजे इंजिन बंद करायची तार. ती ओढलेलीच राहते किंवा पंपावरचा तिचा खटका अडकून बसतो. एकदा रात्री २ वाजता ४० किलोमीटर जाऊन मी फक्त ती तार आत ढकलली होती. मजुरी मागायची लाज वाटली. चहा घेऊन परत आलो.

आता मित्राची गोष्ट. साल १९९१, उसाचा हंगाम. त्याच्या वडिलांची टाटा १२१० कारखान्यावर ऊस वाहायची. तक्रार अशी, की रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, शेवटी ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. एकदा चालू झाली की दिवसभर काही नाही. धूर नाही. तार ठीक. मी इंजिनाभोवती फिरून सगळे जोड बघितले. कुठेही डिझेलचा थेंब नाही, सगळं कोरडं. तेव्हा मी २१ वर्षांचा होतो, नुकतं स्वतःचं गॅरेज टाकलेलं. मोठ्या मिस्त्रीच्या थाटात सांगितलं, "काका, पंप उतरलाय."

पंप काढला, तालुक्याला नेला, सहाही एलिमेंट बदलले. चार दिवस गाडी उभी. ऐन हंगामात चार दिवसांच्या खेपा गेल्या आणि वर तीन हजारांचं बिल. पंप बसवला, हवा काढली, पहिल्या सेल्फला गाडी चालू. काकांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

त्या सकाळी चेसीला टेकून बसलो असताना सातवीचा तास आठवला. सरांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला होता. एकाला त्यातून पेल्यातलं पाणी ओढायला लावलं. मग बाभळीच्या काट्याने देठाला मध्येच भोक पाडलं आणि म्हणाले, "आता ओढ." नुसती हवा आली. सर म्हणाले, "भोकातून पाणी बाहेर पडलं का? नाही. मग काय झालं?" बाहेरच्या हवेचा दाब आतल्यापेक्षा जास्त, म्हणून हवा आत शिरली.

ट्रकमध्ये टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप म्हणजे तो पपईचा देठ. फीड पंप टाकीतलं डिझेल ओढतो, पुढे फिल्टरकडे आणि मोठ्या पंपाकडे ढकलतो. ढकलण्याच्या बाजूला गळती असली की इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो, आंधळ्यालाही सापडेल. ओढण्याच्या बाजूची गळती कोरडी असते. तिथून हवा आत जाते. गाडी रात्री उभी राहिली की त्याच भोकातून हवा घेत पाइपमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं, आणि सकाळी पंपाला हवाच मिळते. मी थेंब शोधत होतो, आणि थेंब नसणं हीच खूण होती.

पाइप चाचपत गेलो. क्लॅम्पखाली घासून टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. पाइप आणि जोडाचे तांब्याचे वायसर बदलले. गाडी नीट झाली. काकांना मात्र सांगितलं, "पंपाचं थोडं सेटिंग राहिलं होतं." काका आज नाहीत. मित्रा, तुमचा पंप चांगला होता. ते तीन हजार आणि चार दिवसांच्या खेपा माझ्याकडे बाकी आहेत. आज सगळ्यांसमोर सांगतोय.

तेव्हापासून पंपाला पाना लावण्याआधी मी दोन गोष्टी करतो. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडतो आणि इंजिन चालू करून बघतो. बुडबुडे दिसले की हवा मागूनच येतेय. दुसरं, टाकीचा पाइप सोडून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून डिझेल देतो आणि रात्रभर गाडी तशीच ठेवतो. सकाळी झटकन चालू झाली तर दोष टाकीकडच्या पाइपात. तरीही कुरकुरली तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, फिल्टरचे जोड बघायचे. मोठा पंप सगळ्यात शेवटी. खर्च जवळजवळ काहीच नाही, एक रात्र जाते एवढंच.

याच्या उलटही होतं. टाकीचं झाकण हरवतं, क्लीनर त्यावर प्लास्टिक पिशवी घट्ट बांधतो. डिझेल उपसलं जातं, वरून हवा आत जात नाही. तासभर गाडी चालते आणि मरते. पिशवी सोडली की 'सूं' आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू.

इथे बऱ्याच जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे, म्हणून एक सांगतो. हवा काढताना नोझलचा नट ढिला केला, तर फवाऱ्यासमोर बोट धरून बघू नका. दाब २०० बारच्या आसपास असतो, डिझेल कातडी फोडून आत जातं. तसं झालं तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. आणि थंडीत टाकीखाली पेटता बोळा धरणारे अजून आहेत, त्यांना तर मी हात जोडतो.

सर, ती पारदर्शक नळी मी आज पिशवीत घालून आणलीय. बाहेर माझा १६१३ उभा आहे. जेवणानंतर वेळ असेल तर जोडून दाखवतो.