दुबार पेरणी

(शिवरे, ता. भोर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळी बोलून झाले. आता अशा गोष्टीवर बोलतो, जी आपण बैठकीत कधी काढत नाही. दारू सोडलेला माणूस पुन्हा पितो, तेव्हा काय करायचे?

आमचा एक कार्यकर्ता. नाव सांगणार नाही. अकरा महिने त्याने दारूला हात लावला नव्हता. आम्ही भर सभेत त्याला हार घातला. पुढे कापूस विकून रोख पैसे हाती आले, त्या दिवशी तो बाजारच्या गावी प्यायला. आम्हाला कळले. आम्ही काय केले? वक्त्यांच्या यादीतून त्याचे नाव काढले. तो लाजेने बैठकीला यायचा थांबला आणि मग रोज पिऊ लागला. एक दिवस तो चुकला. पुढच्या दिवसांत आमचाही वाटा आहे.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. आम्हाला हे आधी कळायला हवे होते. मृगाच्या पावसावर आपण सरकी लावतो, पाऊस दडी मारतो, रोपे करपतात. म्हणून रान पडीक टाकतो का? आधी ओळी फिरून बघतो. तूट असेल तिथे नांगे भरतो. सगळेच गेले तर दुबार पेरतो. नांगरट आणि शेणखत वाया गेलेले नसते. त्या कार्यकर्त्याचे अकरा महिनेही वाया गेले नव्हते. फक्त पहिल्या वेळी घाई कुठे झाली, ओल कुठे कमी पडली, एवढे बघायला हवे होते.

ज्वारीवाल्यांना टारफुला माहीत आहे. त्याचे धुळीसारखे बारीक बी दहा-दहा वर्षे जमिनीत पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून रस झिरपला की जागे होते आणि मुळाला चिकटते. रान स्वच्छ दिसले म्हणजे बी गेले, असे नाही. दारूच्या ओढीचे तसेच आहे. तोच बाजार, तेच सोबती, हातात रोकड, घरातले भांडण, न लागणारी झोप, यांनी ती जागी होते. टारफुल्यावर कापसाचा फेरपालट हा एक उपाय. कापसाच्या मुळांनीही ते बी उगवते, पण त्याला मूळ धरता येत नाही आणि ते मरते. ओढीची वेळही अशीच पालटून काढायची. पैसे मिळतील त्या दिवशी घरचे माणूस सोबत असावे. बाजारची संध्याकाळ मोकळी ठेवू नये.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांच्या आधाराने दारू सोडायला लागले. काही आठवड्यांतच डॉक्टर एका परिषदेला गेले आणि तिथे प्याले. विल्सनने त्यांना टाकले नाही. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला १० जून १९३५ रोजी. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही आज जगभर पसरलेली चळवळ तोच आपला स्थापनेचा दिवस मानते. म्हणजे तिची सुरुवातच दुबार पेरणीची आहे!

लांब कशाला, आपल्या पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. तिथेही ३५ दिवसांच्या उपचाराने काम संपत नाही. पुढे पाठपुरावा असतो.

घसरलेल्याला एवढेच सांगणे, की त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. लपवलेला एक दिवस दुसऱ्या दिवसाला जन्म देतो.

घरच्यांनी चारचौघांत अपमान करू नये, शपथा घालू नयेत. पण पिण्याला पैसेही देऊ नयेत आणि त्याच्यासाठी खोटे बोलू नये. मायबहिणींनो, माफ करणे म्हणजे मार खाणे नव्हे. रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर थरथर सुटते, झटके येऊ शकतात, म्हणून दवाखाना गाठा. जेवणातून चोरून गोळ्या देऊ नका. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतते. आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवा. लाजेचे पहिले दिवस फार वाईट असतात. मरणाची भाषा निघाली तर माणसाला एकटे सोडू नका.

उद्या आम्ही त्या कार्यकर्त्याच्या घरी जाणार आहोत. हार नेणार नाही, उपदेश करणार नाही. यादीत नाव परत घातले आहे आणि पुढची बैठक अमुक दिवशी आहे, एवढे सांगून चहा पिऊन येऊ. तो येईल की नाही, सांगता येत नाही. नाही आला तर पुन्हा जाऊ.

तुमच्याही गावात असे कोणाचे तरी दार बंद असेल. ते कोणते, हे तुम्हाला ठाऊक आहे.