हेगचे न्यायालय आणि दादरा-नगर हवेलीचा दावा



आजच्या सभेसाठी जो विषय मला नेमून देण्यात आला आहे, तो ऐकून आपणांपैकी पुष्कळांस वाटेल की, हा वकिलांचा आणि मुत्सद्द्यांचा विषय आहे. आपल्यासारख्या कष्टकरी माणसांचा त्याच्याशी संबंध काय? एखाद्या मुलखावर हक्क कोणाचा आणि एखाद्या लोकसमूहाने कोणाच्या सत्तेखाली राहावे, हे तंटे शस्त्राने न सोडविता आंतरराष्ट्रीय न्यायालयात सोडविता येतात काय, असा हा प्रश्न आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांचे तंटे चावडीवर त्यांना बाहेर उभे करून निकालात काढले गेले, त्यांनी तरी हा प्रश्न परका मानू नये. न्यायासनापुढे उभे राहण्याचा अधिकार कोणास आहे, हाच या विषयाचा गाभा आहे. तो मी आपणांस एका खटल्याच्या आधारे सांगणार आहे. हा खटला आपल्या दाराशी घडला आणि त्यात पेशवाईतील मराठी कागदांचा अर्थ लावण्याचे काम साऱ्या जगातून आलेल्या न्यायाधीशांना करावे लागले.

प्रथम हे न्यायालय कसे आहे ते पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाचे हे मुख्य न्यायालय हॉलंडमधील हेग या शहरी आहे. त्यात १५ न्यायाधीश असतात व प्रत्येकाची मुदत ९ वर्षांची असते. ज्या राष्ट्राचा दावा चालू आहे त्याचा न्यायाधीश तेथे नसेल, तर तेवढ्या दाव्यापुरता आपला न्यायाधीश बसविण्याचा त्या राष्ट्रास अधिकार आहे. आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा. या न्यायालयात वादी किंवा प्रतिवादी म्हणून फक्त राष्ट्रालाच उभे राहता येते; माणसाला, जमातीला किंवा पारतंत्र्यात असलेल्या प्रजेला तेथे दावा लावता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, प्रतिवादी राष्ट्राने या ना त्या रीतीने संमती दिलेली असल्याखेरीज न्यायालय दावा चालवू शकत नाही. आपल्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात प्रतिवादीची मर्जी कोणी विचारीत नाही; हेगला ती विचारावी लागते.

दमण हे समुद्रकाठचे बंदर पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तेथून आत, दमणगंगेच्या खोऱ्यात, दादरा आणि नगर हवेली असे दोन तुकडे होते. त्यांच्या चोहोबाजूंना भारताचा प्रदेश होता. दमणहून सिल्वासास जायचे तर पोर्तुगीज अधिकाऱ्याला भारताची हद्द ओलांडावी लागे. वस्ती बहुतेक आदिवासींची. वारली, कोकणा, धोडिया यांची. जंगल सरकारचे, जमीन थोड्यांची आणि राबणारे हे लोक. १९५४ च्या जुलै महिन्यात, २१ तारखेच्या रात्री, गोमंतकीय स्वयंसेवकांनी दादऱ्याचे ठाणे घेतले. पुढे नरोली गेली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या कार्यात निरनिराळ्या पक्षांची व पंथांची माणसे होती, आणि श्रेय कोणाचे यावर त्यांच्यात पुढे जो वाद झाला त्यात मी पडत नाही. आपल्या विषयाला लागणारी गोष्ट एवढीच की, दमणहून कुमक पाठविण्यास पोर्तुगालला भारताने वाट दिली नाही.

पोर्तुगाल १९५५ च्या १४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. पाचच दिवसांनी, १९ तारखेस, त्याने न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य केल्याचे पत्र दाखल केले आणि २२ तारखेस भारतावर दावा ठोकला. ज्या राजवटीने आपल्या वसाहतीतील प्रजेला मत मांडू दिले नाही, तिला न्यायालयाची वाट इतक्या तातडीने सापडावी ही नवलाची गोष्ट होय. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ च्या नोव्हेंबरात त्यांपैकी चार फेटाळण्यात आल्या व उरलेल्या दोन मूळ दाव्याबरोबर ऐकण्याचे ठरले. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखाली मांडली गेली, आणि भारताचे नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महंमद करीम छागला बसले.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, १७७९ साली मराठ्यांशी पुण्याचा तह झाला, त्यानुसार १७८३ व १७८५ मध्ये ही गावे आम्हांस मिळाली; ती आमच्या सार्वभौम सत्तेची आहेत; आणि जेथे आमची सत्ता आहे तेथे जाण्याची वाट ही आमच्या हक्काचीच आहे. येथे प्रश्न उभा राहिला की, पेशव्यांनी दिले ते काय? राज्य दिले की उत्पन्न दिले?

बंधूंनो, हा प्रश्न हेगच्या विद्वानांस जितका कठीण वाटला असेल तितका तो आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस वाटणार नाही. वतन, इनाम, सरंजाम हे शब्द आपण पुस्तकात वाचून शिकलो नाही. वतन जवळ असणे म्हणजे गावचे धनी होणे नव्हे, याचा दाखला आपल्या वाडवडिलांच्या पाठीवर उमटलेला होता. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली तेव्हा कोठे तो ताबेदारीचा कागद फाटला. सरंजाम हा वतनाहून मोठा व मानाचा, पण जात देणगीचीच. राजा सरदारास अमुक गावांचा वसूल लावून देई. सरदाराने तो खावा व राजाची मैत्री किंवा चाकरी राखावी. गावावरचे राज्य राजाचेच राही. पोर्तुगिजांस दिलेली नेमणूक सालिना १२,००० रुपये उत्पन्नाच्या गावांची होती, आणि सनदांत शब्द होता तो सरंजामाचा.

न्यायालयाने नेमके हेच मान्य केले. मराठ्यांना जेथे मुलूखच तोडून द्यावयाचा असे, तेथे त्यांच्या कागदांत कायमच्या स्वामित्वाची स्पष्ट भाषा येते. या कागदांत ती नाही. म्हणून पोर्तुगिजांस मिळाले ते महसुलाचे उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, असा निर्णय झाला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या दफ्तरी कारकुनाने योजलेला एक शब्द १९६० मध्ये हेगला भारताच्या उपयोगी पडला. कागद आणि त्यावरील शब्द यांची किंमत ज्यांना अजून पटत नाही, त्यांनी आपली सातबाऱ्याची नक्कल आणि जातीचा दाखला नीट वाचून ठेवावा, एवढेच जाता जाता सांगतो.

तथापि पोर्तुगाल तेथे हरला नाही. न्यायालयाने पुढे म्हटले की, मराठ्यांनंतर या प्रदेशाचे स्वामी झालेल्या इंग्रजांनी त्या गावांवरील पोर्तुगिजांचे राज्य प्रत्यक्ष व्यवहाराने मान्य केले आणि स्वतंत्र भारतानेही तेच पुढे चालविले. सव्वाशे वर्षांवर खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा विनाअडथळा चालली होती. दोनच राष्ट्रांमध्ये दीर्घ काळ चाललेली वहिवाटसुद्धा त्यांच्यापुरता कायदा होऊ शकते, हे तत्त्व या निकालाने सांगितले, आणि तेव्हापासून ते आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत कायम झाले आहे. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांची गोष्ट निराळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये एकाच्या सशस्त्र माणसांना दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीवाचून शिरता येत नव्हते. जेथे दर वेळी परवानगी मागावी लागते तेथे हक्क कसला?

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. महाराष्ट्र राज्य जन्मास येण्यास तेव्हा अठरा-एकोणीस दिवस उरले होते. मते पंधरा न्यायाधीशांची पडली. मुलकी वाहतुकीपुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता, पण त्यावर भारताचे नियमन होते, हे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सशस्त्र दलांसाठी तसा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ मतांनी. म्हणजे एका मताने. आणि दादरा पडल्यामुळे आसपास जी खळबळ माजली ती पाहता भारताने वाट रोखली यात कर्तव्यभंग झाला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. दोन्ही पक्षांनी नेमलेल्या न्यायाधीशांनी आपापली विरोधी मते लिहून ठेवली. दोन्ही राजधान्यांत आपलाच जय झाला असे म्हणण्यास जागा होती. प्रत्यक्षात भारताला काही करावे लागले नाही. सिल्वासा पोर्तुगिजांस परत मिळाले नाही. १९५४ पासून तेथे वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्टपासून तो प्रदेश भारतीय संघराज्यात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव मुक्त झाले, तेही न्यायालयाच्या नव्हे, सैन्याच्या मार्गाने.

आता मला जे खटकते ते सांगतो. त्या दाव्यात पेशवे होते, विसेरेई होते, इंग्रज गव्हर्नर होते. परंतु नगर हवेलीच्या वारल्याला कोणाचे राज्य हवे आहे, हा मुद्दाच न्यायालयापुढे नव्हता. न्यायालयाने तो चुकविला असे मी म्हणत नाही. तो त्याला विचारलाच गेला नाही. पोर्तुगालने वाटेविषयी विचारले, न्यायालयाने वाटेविषयी उत्तर दिले. परंतु वाटेच्या टोकाला राहणाऱ्या माणसाविषयी कोणी विचारावे? तो राष्ट्र नव्हता, म्हणून त्याला दार बंद होते.

भारत सरकारनेही या अनुभवावरून धडा घेतला, पण तो आपल्या बचावापुरता. हेगचा अधिकार मान्य करणारे नवे घोषणापत्र भारताने १९७४ मध्ये दाखल केले. त्यात स्वतःच्या प्रदेशाचे व सरहद्दीचे वाद वगळले, आणि दावा लावण्यापूर्वी बारा महिन्यांच्या आत ज्याने अधिकार मान्य केला असेल त्याचा दावाही वगळला. पोर्तुगालने तीन दिवसांत केलेली धावपळ पुन्हा कोणास करता येऊ नये, हा त्यातील हेतू उघड दिसतो. राष्ट्राच्या दृष्टीने ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु बलवान राष्ट्रांपासून दुबळ्यांपर्यंत सर्वांनीच अशी कुंपणे घातली, तर सरहद्दीच्या तंट्यांना न्यायालय उरणार कोठे, हेही विचारलेच पाहिजे.

काळाचा खेळ असा की, हाच पोर्तुगाल १९९१ मध्ये पुन्हा वादी म्हणून हेगला गेला, आणि या वेळी लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा कैवार घेऊन! पूर्व तिमोर ही त्याची जुनी वसाहत १९७५ मध्ये इंडोनेशियाने बळकावली होती, आणि तेथील समुद्रातील तेलासंबंधी ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाशी करार केला होता. १९९५ मध्ये न्यायालयाने मान्य केले की, स्वयंनिर्णयाचा हक्क हा साऱ्या जगाविरुद्ध सांगता येणारा हक्क आहे. पण इंडोनेशियाने संमती दिलेली नाही आणि त्याच्या वर्तनाचा निवाडा केल्यावाचून ऑस्ट्रेलियाचा निवाडा होत नाही, म्हणून दावा चालवता येत नाही. हक्क खरा, दार बंद. तिमोरच्या लोकांनी १९९९ मध्ये मतदानाने आपला कौल दिला आणि २००२ मध्ये ते स्वतंत्र झाले.

तर मग दाराबाहेरच्या माणसाने करावे काय? याचे उत्तर मला आफ्रिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सापडते. ज्या हेरेरो लोकांची १९०४ नंतर जर्मनांनी कत्तल केली, त्यांचा देश पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेच्या हाती विश्वस्त म्हणून देण्यात आला, आणि विश्वस्ताने तेथे वर्णभेद नेला. हेरेरोंचे वृद्ध प्रमुख होसिया कुटाको यांना देशाबाहेर जाऊ दिले नाही, म्हणून १९४९ मध्ये रेव्हरंड मायकेल स्कॉट यांनी त्यांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे मांडले. समितीने असे अर्जदार समक्ष ऐकावेत काय, हा प्रश्न महासभेने हेगला सल्ल्यासाठी पाठविला. आणि १९५६ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध ५ मतांनी सांगितले, ऐकता येतील. न्यायालयाला स्वतःचे दार उघडता आले नाही. शेजारचे दार त्याने उघडून दिले.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. इथिओपिया व लायबेरिया यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेवर लावलेला दावा १९६६ मध्ये समसमान मतांवर, अध्यक्षांच्या निर्णायक मताने, फेटाळला गेला. कारण काय, तर वादींचा त्यात स्वतःचा कायदेशीर हितसंबंध नाही! आफ्रिकेचा न्यायालयावरील विश्वास त्या दिवशी उडाला आणि त्याच वर्षी तेथे सशस्त्र लढा सुरू झाला. १९७१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सुरक्षा समितीला सल्ला दिला की, दक्षिण आफ्रिकेचे तेथील वास्तव्य बेकायदा आहे. तो कागद हाती घेऊन लढणाऱ्यांना आणखी एकोणीस वर्षे लागली. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला.

स्वतंत्र झालेल्या नामिबियाचा पुढे बोट्स्वानाशी चोबे नदीतील एका लहानशा बेटावरून तंटा झाला. दोघांनी मिळून, एकमेकांच्या संमतीने, तो हेगला नेला. १९९९ मध्ये न्यायालयाने बेट बोट्स्वानाला दिले, आणि बेटाच्या दोन्ही अंगांच्या प्रवाहांतून दोन्ही देशांच्या माणसांना व नावांना समान वाट राहील असे ठरविले. नामिबियाने तो निकाल मानला.